पॉमेरेनियन बेल वाजली की घर डोक्यावर घेतो

नवखी: आमचा पॉम (पॉमेरेनियन कुत्रा) ७ महिन्यांचा, वजन २ किलो. बेल वाजली की भुंकायचा थांबतच नाही. पट्टा ओढला की बदकासारखा खोकतो. उकाडा आहे, केस पूर्ण भादरू का?

जुनी पॉमवाली: अजिबात नको! माझ्या पहिलीचे मी हौसेने भादरले, पाठीवर वर्षभर नीट आलेच नाहीत. केसांचे दोन थर असतात. एक दिवसाआड मुळापासून विंचरा, गुंता कानामागे होतो.

खोकला मात्र अंगावर काढू नका. या जातीत श्वासनलिका दबण्याचा त्रास आढळतो. गळपट्टा काढा, छातीचा हार्नेस घाला, डॉक्टरांना दाखवा.

भुंकण्याचं म्हणाल तर यांचे पूर्वज मोठ्या अंगाचे स्पिट्झ जातीचे कुत्रे. आपण केवढेसे आहोत हे याला कुणी सांगितलेलंच नाही! तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं, तुम्हीही साथ देताय. गप्प झाला की त्याच क्षणी खाऊ द्या.

सोफावाला: उंचावरून उड्या बंद करा. आमच्याच्या गुडघ्याची वाटी सरकली.

नवखी: हार्नेस आणला. दुधाचा सुळा अजून तसाच आहे, शेजारी नवा आलाय.

जुनी पॉमवाली: एव्हाना पडायला हवा होता. खोकल्यासाठी जाल तेव्हा तोही दाखवा.