शब्दचर्चा: संशयित, आरोपी, अतिरेकी... आणि 'कट उधळला' म्हणजे नक्की काय झालं?

अनुवादिनी
एक मदत हवीये. मी घरून इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम करते, बातमीमागे पैसे, वेळ नेहमीच कमी. परवा पोलिसांच्या एका निवेदनाचं काम आलं, तीन जणांना घातपाताच्या तयारीच्या संशयावरून पकडलंय, अजून कोर्टासमोरही उभं केलेलं नाही. इंग्रजीत प्रत्येक वाक्यात एक 'अलेज्ड' टाकलाय, मिठासारखा. मी आधी 'कथित' लावला. कथित दहशतवादी, कथित कट, कथित स्फोटकं. नवऱ्याने वाचून विचारलं, ही हिंदी बातमी मराठी टोपी घालून आलीये का. मग 'तथाकथित' केलं तर सगळा टोमणाच वाटायला लागला, जणू मला पोलिसांची टिंगल करायचीये. शेवटी 'संशयित दहशतवादी' लिहून पाठवलं, तर तिकडे हेडिंग काय लागलं? 'तीन अतिरेकी जेरबंद. घातपाताचा कट उधळला'. माझा संशय कुठे गेला? यासाठी मराठीत बरा शब्द आहे का काही?

जुना_पेपरवाला
ताई, तुमचा संशय हेडिंगवाल्याने खाल्ला. मी तीस वर्षं डेस्कवर तेच केलंय म्हणून सांगतो. रात्री साडेबाराला पान सोडायचं असतं, तीन कॉलमात मोठ्या टायपात बारा-तेरा अक्षरं बसतात आणि 'संशयित' चार अक्षरं खातो. मग काय उडणार? विशेषण. नाम कोणी उडवत नाही. 'संशयित दहशतवादी'मधला संशयित उडाला की मागे दहशतवादी शिल्लक.

'कथित'बद्दल नवरोबा बरोबर आहेत. 'तथाकथित' तर मुळीच नको, त्यात लिहिणाऱ्याचं मत येतं. तथाकथित विचारवंत म्हणतो ना आपण, तसं.

खमंग
अवांतर: कट शिजतो, कट रचला जातो, कट उधळला जातो. आमच्याकडे कट फक्त शिजतो आणि पुरणपोळीच्या दिवशी त्याची आमटी होते. उधळणं म्हणाल तर गुलाल नाहीतर घोडा.

वकील_नाना
खमंगताईंचं अवांतर वाटतं तेवढं अवांतर नाही. 'उधळला' या क्रियापदात कट होताच हे आधीच गृहीत धरलेलं असतं. नसलेली गोष्ट उधळता येत नाही. म्हणजे जे सरकारी वकिलाने पुढची आठ-दहा वर्षं साक्षीपुरावे देऊन सिद्ध करायचं, ते हेडिंगने एका क्रियापदात उरकलं. 'संशयित' घाला नाहीतर घालू नका, ही पाचर क्रियापदात बसलेली आहे.

आता शब्दांचा क्रम बघा. आधी 'ताब्यात घेतलं', मग 'अटक', मग आरोपपत्र, मग आरोप निश्चिती, मग खटला, मग निकाल. काटेकोर बोलायचं तर आरोप ठेवल्यावर 'आरोपी' आणि गुन्हा शाबीत झाल्यावर 'दोषी'. पेपरात 'संशयित आरोपी' असा जोडशब्द चालतो, तो म्हणजे भातावर पोळी. साध्या गुन्ह्यात आरोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, यूएपीएत, म्हणजे दहशतवादाच्या खटल्यांत लावतात त्या कायद्यात, कोर्टाच्या परवानगीने तीच मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत जाते. आणि कलम ४३-ड (५) प्रमाणे आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. 'सकृत्' म्हणजे एकदा. एकदा बघून जे वाटलं त्यावर माणूस वर्षानुवर्षं आत राहू शकतो, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला काय म्हणायचं हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही हो.

गिरणाकाठ
मालेगावचा आहे म्हणून लिहितो. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा शुक्रवार, बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली. मुस्लिम समाजाच्या नऊ जणांवर आरोप झाला. तपास एटीएसकडून (राज्याचं दहशतवादविरोधी पथक) सीबीआयकडे, मग एनआयएकडे (राष्ट्रीय तपास यंत्रणा). २०११ मध्ये जामीन झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष कोर्टाने त्यांना दोषमुक्त केलं, एकाचं तोवर निधन झालेलं. साडेनऊ वर्षं झाली म्हणजे.

शब्दाचं म्हणाल तर आमच्याकडे यंत्रमागावर सगळे 'बरी झाले' म्हणत होते, 'बाइज्जत बरी', म्हणजे उर्दूत निर्दोष ठरले. मराठी पेपरात आलं 'सुटका'. भाऊ, सुटका आजारातून होते, तावडीतून होते. चोरसुद्धा सुटतो. 'सुटले' म्हटलं की ऐकणारा मनात जोडतोच, 'कसे काय सुटले?' बरीमध्ये हा वास नाही.

आणि २००८ चा भिक्कू चौकातला स्फोट, सहा माणसं गेली. त्यात आरोपी वेगळ्या धर्माचे. ३१ जुलै २०२५ ला सातही जण निर्दोष ठरले, संशयाचा फायदा देऊन. त्यांच्या वेळचीही हेडिंगं काढून बघा, शब्द हेच. सूत्रधार, कट, पर्दाफाश. आता दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या वेळी टाळ्या वाजवतात आणि आपल्या वेळी कायदा वाचतात. कब्रस्तानात ज्यांची माणसं आहेत ते विचारतात की मग ठेवला कुणी?

सांजवारा
'संशयाचा फायदा' हा शब्दप्रयोग किती मजेशीर आहे बघा. संशयावरून आत, संशयाचा फायदा देऊन बाहेर. आत जाताना संशय पोलिसांचा, बाहेर येताना संशय कोर्टाचा. शब्द एकच, मालक वेगळा! मला वाटतं 'संशयित'ची खरी खोट इथेच आहे, संशय कोणाला आलाय ते तो सांगतच नाही. संशयी म्हणजे ज्याच्या मनात संशय तो, संशयास्पद म्हणजे ज्याच्याकडे बघून संशय येतो ते, आणि संशयित म्हणजे ज्याच्यावर संशय घेतला गेलाय तो. कोणी घेतला? गप्प.

पोलीसलाइन_वरळी
सगळं एकाच बाजूने चाललंय म्हणून लिहितो. वडील हवालदार होते. ११ जुलै २००६ ला लोकलच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले, एकशेऐंशीहून जास्त माणसं गेली, वडील तीन दिवस घरी नव्हते. आले तेव्हा बूट दाराबाहेरच काढले आणि आईला म्हणाले हे धुऊ नको, टाकून दे. तेव्हा लोकांना काहीतरी सांगावं लागतं हो. नाही सांगितलं तर अफवा सांगतात, आणि अफवेला तर 'कथित'सुद्धा नसतं. एखादा पळालेला असेल तर फोटो छापावाच लागतो, त्याला आमच्याकडे सरळ 'पाहिजे आरोपी' म्हणतात. पाच जण हवे आहेत आणि तुम्ही 'आम्हाला नम्रपणे असं वाटतं' लिहीत बसलात तर पकडणार कधी?

वकील_नाना
तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि वडिलांना नमस्कार सांगा. पण पकडल्यानंतरचं बोलू. आरोपीच्या तोंडावर काळा बुरखा का घालतात? अब्रू झाकायला नाही, ओळख परेडसाठी. साक्षीदाराने तो चेहरा आधी टीव्हीवर बघितला असेल तर त्याची ओळख कोर्टात टिकत नाही. म्हणजे पत्रकार परिषदेत फोटो वाटले की पोलीस स्वतःचीच केस पातळ करतात. तुम्ही सांगितलेल्या लोकलच्या खटल्याचंच बघा. २०१५ मध्ये बारा जण दोषी, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब टिकले नाहीत, ओळख परेड ज्यांनी घेतली त्यांच्याकडे तेव्हा तो अधिकारच नव्हता असं निघालं. पुढे तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत घालायचं नाही, पण हा निकाल दाखला म्हणून वापरायचा नाही. तेव्हा आज त्यांना काय म्हणायचं? 'निर्दोष, अपील प्रलंबित'. बसवा हेडिंगात.

सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितलं होतं की पोलिसांनी माध्यमांशी बोलायचं कसं याची नियमावली करा. माझ्या मते त्यात पहिलं कलम क्रियापदांवर हवं.

लंडनचा_बंड्या
इकडे ब्रिटनमध्ये पोलीस बहुतेक वेळा आरोप ठेवेपर्यंत नावच देत नाहीत. निवेदन येतं ते असं: एक्केचाळीस वर्षांच्या एका पुरुषाला अमुक भागातून दहशतवादविरोधी कायद्याखाली संशयावरून अटक. बास. वय, भाग, कायदा. शेजारी चौकश्या करतात, सोशल मीडियावर नावं फिरतात, तो भाग वेगळा, पण पोलिसांच्या तोंडून नाव येत नाही.

मला मात्र आपला एक डॉक्टर आठवतो, बंगळूरूचा मोहम्मद हनीफ. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला नोकरी करत होता. जुलै २००७ मध्ये त्याला ब्रिस्बेन विमानतळावर पकडलं, बारा दिवस आरोप न ठेवता कोठडीत. का, तर इंग्लंड सोडताना त्याने आपलं सिमकार्ड नातेवाइकाला दिलेलं. कोर्टात सांगितलं गेलं की ते सिम ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्यातल्या जळत्या जीपमध्ये सापडलं. प्रत्यक्षात ते सापडलं लिव्हरपूलला, कित्येक मैल लांब. महिन्याच्या आत केस मागे, तीन वर्षांनी २०१० मध्ये सरकारची माफी आणि भरपाई. पण त्या तीन आठवड्यांत त्याला काय काय म्हटलं गेलं! एक जागा चुकीची सांगितली, विशेषण नाही की नाम नाही, नुसतं एक 'मध्ये'.

पोलीसलाइन_वरळी
बरं मग आमच्याकडचा शब्द घ्या ना, 'इसम'. पंचनाम्यात सगळे इसमच असतात. 'सदर इसम संशयास्पदरीत्या फिरत असताना मिळून आला.' लोक हसतात या भाषेला, पण तिने कोणाला अतिरेकी केलेलं नाही.

सांजवारा
वा! आणि गंमत म्हणजे अरबीत 'इस्म' म्हणजे नाव. मराठीत येईपर्यंत ज्याचं नाव घ्यायचं नाही तो इसम झाला.

गिरणाकाठ
इसम ठीक आहे. आम्हाला 'कनेक्शन'चा जास्त जाच आहे. मालेगाव कनेक्शन, आझमगड कनेक्शन, पडघा कनेक्शन. गॅसचं मिळायला महिने लागायचे, हे मात्र लगेच मिळतं. पुण्यात भाच्याला खोली बघत होतो, एजंटने आधार कार्ड उलटं करून पत्ता वाचला आणि म्हणाला मालक गावाला गेलेत. मालक तिथेच गॅलरीत कपडे वाळत घालत होते.

अनुवादिनी
बाप रे, मी एक शब्द विचारला होता.

एक लक्षात आलं. काल दादरला प्लॅटफॉर्मवर उभी होते तर ती नेहमीची घोषणा चालू होती, बेवारस वस्तूला हात लावू नका, त्यात स्फोटकं असू शकतात. *असू शकतात.* कोणाचं तरी विसरलेलं जेवणाच्या डब्याचं फडकं, त्याला आपण असू शकतात म्हणतो आणि तरी सगळे चार पावलं लांब होतातच, सुरक्षेत काही कमी पडत नाही. आणि माणसाला मात्र 'आहे'.

मराठीत हे सांगायच्या सोयी खरं तर भरपूर आहेत, मीच इंग्रजी विशेषणाला मराठी विशेषण शोधत बसले. 'असल्याचं पोलिसांचं म्हणणं आहे', 'असल्याचा संशय', आणि घरगुती बोलायचं तर नुसतं 'म्हणे'. तिघांना पकडलं म्हणे, स्फोटकं होती म्हणे. आजी पूर्ण गावाची बातमी 'म्हणे'वर सांगायची आणि एकाही माणसावर शिक्का बसायचा नाही (बसायचा थोडा, पण आजीवर). ते पेपरात चालणार नाही, पण वाक्याच्या शेवटाला संशय ठेवायची ही सवय आपली जुनी आहे. मी असं केलंय: 'घातपाताची तयारी केल्याच्या संशयावरून पोलिसांनी तीन जणांना ताब्यात घेतलं असून, त्यांच्याकडे स्फोटकं सापडल्याचं पोलिसांनी म्हटलं आहे.' संशय कोणाचा ते दिसतं, नाम 'जण' आहे, आणि उधळलेलं काही नाही. आता हे पट्टीत बसणार नाही म्हणतील.

खमंग
'म्हणे' घालून हेडिंग करा, खप वाढेल. आमटीची कृती हवी असेल तर वेगळा धागा काढते.

जुना_पेपरवाला
बसत नाही म्हणतील कारण मीच वर तसं म्हटलं. मघापासून कागद घेऊन बसलोय. 'तीन अतिरेकी जेरबंद. घातपाताचा कट उधळला', एकवीस अक्षरं. 'घातपाताचा संशय; तिघे ताब्यात', तेरा. दोनदा मोजली.