मदत हवी आहे: चेकोस्लोव्हाकियाने मार्शल योजना का नाकारली?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपवर टिपण लिहितोय आणि एका जागी अडकलोय. जुलै १९४७ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने मार्शल योजनेच्या (युद्धानंतर युरोप सावरायला अमेरिकेने देऊ केलेली आर्थिक मदत) पॅरिस परिषदेचं आमंत्रण आधी स्वीकारलं होतं. मग त्यांचं शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं, स्टालिनने डोळे वटारले आणि होकाराचा नकार झाला. इथवर कळलं. पण नुसता धाकच होता, की सोव्हिएत गव्हाचं आमिषही? त्या वर्षी चेकोस्लोव्हाकियात दुष्काळ होता, म्हणून शंका येते.

आणखी एक. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत, म्हणजे अमेरिका आणि पश्चिम युरोपीय देशांच्या लष्करी युतीत, आला (हिटलर हरून जेमतेम दहा वर्षं!) आणि काही दिवसांतच, १४ मे रोजी, वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी युती) झाला. हे खरं कारण, की नुसतं निमित्त? जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.