आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र लिहिणारी कॅरोलिन डॉल कोण?

प्रश्न (वाचनवेडी):
आनंदीबाई जोशींबद्दल शोधताना कॅरोलिन हीली डॉल हे नाव सारखं पुढे येतंय. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ ला गेल्या आणि १८८८ मधे बोस्टनला हिचं पुस्तक छापून तयार. कोण होती ही, मिशनरी होती का?

जुनंपुराणं:
मिशनरी ती नाही, नवरा. चार्ल्स डॉल, युनिटेरियन पंथाचा पाद्री, १८५५ ला कलकत्त्याला गेला तो मधेअधे घरी चक्कर मारायचा पण १८८६ ला वारला तेव्हाही कामाला तिकडेच. घटस्फोट नाही काही नाही, ही दोन मुलं घेऊन बोस्टनला. आणि त्याच १८५५ मधे स्त्रीहक्कांची परिषद भरवण्यात पुढे! मुलगा पुढे अलास्काचा मोठा अभ्यासक झाला, डॉल शीप म्हणतात ना ती पांढरी रानमेंढी, त्याच्याच नावावरून.

रविवारची_चहा:
पण तिचं खरं काम आनंदीबाईंच्या खूप आधीचं आहे राव. १८६० मधेच 'हिस्टॉरिकल पिक्चर्स रीटच्ड' लिहिलं, म्हणजे इतिहासात बायका एकतर गाळल्यात नाहीतर भलत्याच रंगवल्यात, ते परत तपासायचं. तेव्हा हा विषय कॉलेजात शिकवणं सोडाच, कॉलेजात बायकाच कमी. आणि बायकांना मजुरी कमी का यावर तिचं म्हणणं होतं की बाकी कामांची दारं बंद म्हणून सगळ्या शिवणकामासारख्या दोनचार धंद्यांत गर्दी करतात आणि मग भाव पडतो. मला हे तिच्या चरित्रलेखनापेक्षा जास्त भारी वाटतं.

वाचनवेडी:
अरे वा! मग आनंदीबाईंकडे कशी वळली?

जुनंपुराणं:
शिक्षण घेणाऱ्या बायका हा तिचा कायमचाच विषय, त्यात पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल कॉलेजातून १८८६ ला डॉक्टर झालेली हिंदू मुलगी, सोडेल होय. लिहून ठेवायची खोड तर लहानपणापासून. अठरा वर्षांची असताना अमेरिकन लेखिका मार्गारेट फुलरच्या चर्चासत्रांना बसायची, त्या टिपणांचं पुस्तक काढलं थेट १८९५ मधे. डायरी तर सत्तरहून जास्त वर्षं लिहिली, मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

रविवारची_चहा:
१८८८ चं पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. फक्त वाचताना सांभाळून, हिंदू घरांबद्दल बोलताना बाई बोस्टनच्या चष्म्यातून बघते, तेवढी पानं मी भराभर उलटली. आनंदीबाईंची पत्रं आहेत तिथे थांबा.