मुंबईच्या दिवंगत जॅझ वादकांचे स्मरण कसे करावे?

ठाकूरद्वारकर यांचा प्रश्न

गिरगाव आणि धोबीतलाव परिसरात आमचे एक छोटे श्रोतामंडळ आहे. महिन्यातून एकदा जमून जुन्या तबकड्या ऐकणे एवढाच त्याचा व्याप. येत्या ३० एप्रिलला, म्हणजे आंतरराष्ट्रीय जॅझ दिनी, मुंबईच्या जॅझ वर्तुळातून काळाआड गेलेल्या मंडळींच्या स्मरणार्थ दोन तासांची बैठक करावी असे ठरले आहे. यादी करायला बसलो तेव्हा चिक चॉकलेट, मिकी कोरिया, रूडी कॉटन, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, ख्रिस पेरी, अँथनी गोन्साल्विस आणि जॅझ यात्रा या महोत्सवाचे निरंजन झवेरी ही नावे लगेच निघाली, आणि मतभेदही तिथेच सुरू झाले. काहींच्या मते हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात ज्यांनी हयात घालवली त्यांना जॅझ वादक म्हणता येणार नाही. इतरांचे म्हणणे असे की चित्रपटगीते वगळली तर आपल्याकडे ऐकवण्यासारखे फारसे काही उरतच नाही. छायाचित्रांना हार घालून जन्म-मृत्यूची साले वाचून दाखवावीत, हा प्रस्ताव मला स्वतःला कोरडा वाटतो. जाणकारांनी कृपया सांगावे की कोणाला घ्यावे आणि काय ऐकवावे.

जुना श्रोता यांचे उत्तर

यादी करण्याआधी या मंडळींचा दिवस कसा जात असे ते ध्यानात घ्यावे, म्हणजे आपला वाद बराचसा आपोआप मिटेल. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि त्यांच्या मागोमाग ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनीही तेथील नृत्यगृह गाजवले. पुढे महायुद्धामुळे परदेशी कलावंत पांगले आणि त्यांच्या जागी येथील वादक, त्यातही बहुसंख्य गोव्याचे, उभे राहिले. मिकी कोरिया यांनी ताजचा बँड जवळजवळ दोन दशके सांभाळला. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवत. ते हॉटेल आता नाही. त्याच जागेवर ताजची उंच नवी इमारत उभी आहे. स्वातंत्र्यानंतर गोरे ग्राहक कमी झाले, मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या नृत्यरात्रींची मिळकत आटली आणि याच सुमारास चित्रपटसंगीताला मोठ्या वाद्यवृंदाची व स्वरलिपी वाचणाऱ्या वादकांची गरज पडली. त्यामुळे जो माणूस रात्री हॉटेलात स्विंग (नाचासाठीचे जॅझ) वाजवी तोच सकाळी स्टुडिओत हजर असे. त्याला दोन माणसांत वाटून त्यातल्या एकालाच श्रद्धांजली वाहणे मला तरी जमणार नाही.

अडचण खरी आहे ती ध्वनिमुद्रणाची. रात्रीच्या वादनाचा फारच थोडा भाग तबकडीवर आला आणि जो आला तोही तीन मिनिटांच्या चौकटीत बसवलेला; नर्तक थकेपर्यंत एकच धून फुलवत नेणारे वादन ऐकणाऱ्यांबरोबरच संपले. म्हणून चित्रपटगीत कानाआड करू नये, फक्त ते ऐकण्याची रीत बदलावी. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच आपल्या सी. रामचंद्रांनी, चिक यांना साहाय्यक म्हणून सोबत घेतले आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरच वाजवताना दिसतात. ‘शोला जो भडके’ लावताना श्रोत्यांना आधी सांगावे की आज लताबाई आणि चितळकर यांच्या गळ्याकडे थोडे दुर्लक्ष करा, दोन कडव्यांच्या मधल्या जागा ऐका, पितळी वाद्ये कुठे अडतात आणि कुठे उसळतात ते पाहा. दादरच्या भगवानदादांच्या नाचावर जीव टाकणाऱ्या मराठी प्रेक्षकांनी चिक यांना कित्येकदा पाहिले आहे, फक्त नावानिशी नाही.

वेदरफर्ड यांना अवश्य घ्यावे. ते १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने गेले तेव्हा चाळिशी नुकती उलटली होती. मुंबईच्या वादकांनी ज्यांच्या शेजारी बसून हा बाज उचलला त्यांचा जन्म अमेरिकेतला म्हणून त्यांना बाहेरचे ठरवणे अन्यायाचे होईल.

साष्टीकर यांचे उत्तर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण त्यात गोव्याची बाजू फक्त संख्येपुरती आली आहे. या वादकांचे शिक्षण पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत झाले, जिथे मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना प्रथम सोल्फा (पाश्चात्त्य स्वरांची नावे) म्हणायला लावी, मग हातात व्हायोलिन देई, आणि मास (चर्चमधील उपासना) व लादाईनीच्या (सामूहिक प्रार्थनेच्या) निमित्ताने स्वरमेळाचा कान तयार होई. पुढे मुंबईत आल्यावर हाच मुलगा धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, ट्रंक ठेवायला जागा मिळवी आणि काम शोधू लागे. तुमचे मंडळ त्याच परिसरातले असल्यामुळे बैठकीत कुडींचा उल्लेख टाळता येणार नाही. लिहिलेला कागद घडाघडा वाचण्याची ही तयारी स्टुडिओत उपयोगी पडली, हे खरे. जॅझमध्ये मात्र कागद बाजूला ठेवून आयत्या वेळी सुचलेले वाजवावे लागते, आणि ते या मंडळींना कोणत्याही मेस्त्राने शिकवले नव्हते. त्यांनी ते हॉटेलच्या मंचावर आणि परदेशी तबकड्यांवरून आत्मसात केले. स्मरण करायचे तर या दुसऱ्या शिक्षणाचे अधिक करावे असे माझे मत आहे.

फ्रँक फर्नांड यांच्याविषयी बोलताना केवळ ट्रंपेट आणि हिंदी संगीतकारांसाठी केलेली वाद्यवृंदरचना एवढ्यावर थांबू नये. त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट निर्माण केले. ख्रिस पेरी यांच्या बाबतीत तर कोंकणी गाणे हाच मुख्य ठेवा आहे: गायिका लोर्ना यांच्या आवाजात त्यांनी जे बांधले त्यात जॅझचे ब्रास आणि मांडो या गोव्याच्या जुन्या गीतप्रकारातले हळवेपण एकाच दमात ऐकू येते. ही गाणी आजही गोव्यातल्या लग्नांत वाजतात. मुंबईच्या बैठकीत कोंकणी एकही गाणे नसेल तर मला ती अर्धवट वाटेल.

तिथीबद्दल एक सूचना. ३० एप्रिल ठीक आहे, परंतु यांपैकी बहुतेक कुटुंबे कॅथलिक आहेत आणि आपल्या मृतांची आठवण २ नोव्हेंबरला करतात, त्या दिवशी दफनभूमीत जाऊन फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. नातलगांना बोलावण्याचा विचार असेल तर तो दिवस त्यांच्या मनाच्या अधिक जवळचा ठरेल.

स्वरलिपी यांचे उत्तर

माझी एकच हरकत आहे. अँथनी गोन्साल्विस यांना जॅझ वादक म्हणून सादर करू नये. ते व्हायोलिनवादक, वाद्यवृंदाचे संगीत-संयोजक आणि शिक्षक होते. त्यांचे स्वप्न हिंदुस्थानी राग आणि सिंफनी यांना एकत्र आणण्याचे होते आणि त्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासह मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचे नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात घातले, त्यामुळे ते घरोघरी पोचले. पण प्रसिद्ध नाव यादीत हवेच म्हणून एखाद्याला भलत्याच रांगेत उभे करणे हा त्याचा सन्मान नव्हे. सेबॅस्टियन डिसोझा यांचे तसे नाही. शंकर-जयकिशन यांचे संयोजक होण्यापूर्वी, फाळणीच्या आधी, ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते.

ठाकूरद्वारकर

सर्वांचे आभार. गोन्साल्विस यांच्याविषयीची हरकत मंडळापुढे ठेवतो. मला ती पटली आहे. कोंकणी गाणी नक्की घेऊ. आता एक व्यावहारिक शंका: गाण्यातील एखादा ट्रंपेटचा किंवा सॅक्सोफोनचा तुकडा नेमका कोणी वाजवला हे ठामपणे सांगता येते का? नावागणिक एक तुकडा असा क्रम लावण्याचा विचार होता.

जुना श्रोता

बहुतेक वेळा येत नाही, आणि म्हणूनच तसा क्रम लावू नये. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, वाद्यवृंदाचे येत नसे. वादकाला त्या पाळीचे पैसे मिळत आणि विषय संपे. आज इंटरनेटवर एकाच तुकड्यासाठी तीन-तीन नावे छातीठोकपणे सांगितली जातात. आपण त्यात भर घालून एका दिवंगत माणसाचे श्रेय दुसऱ्या दिवंगत माणसाला देण्यापेक्षा ‘या काळात या संगीतकाराकडे हे वादक होते’ एवढेच म्हणावे.

नावानिशी ऐकवण्यासारखी एक तबकडी मात्र आहे. शंकर-जयकिशन यांची १९६८ मधील ‘रागा जॅझ स्टाईल’. तिच्यात रईस खान यांची सतार आहे, आणि वेष्टनावर साथीच्या वादकांचीही नावे छापलेली आहेत: ट्रंपेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, पियानोवर लुसिला पाशेको. लुसिला यांचे नाव आपल्या यादीत नाही. किंबहुना आपल्या यादीत एकही स्त्री नाही. ती जागा त्यांनी भरावी. एका बाजूवरच्या दोन-तीन रागांच्या रचना पूर्ण वाजवा, मध्ये बोलू नका, आणि वाजवण्यापूर्वी वेष्टनावरची सगळी नावे वाचा, तबलेवाल्यांसह.

झवेरी यांच्यासाठी वेगळा वेळ ठेवा. ते मंचावरचे नव्हते, पण १९७८ मध्ये त्यांनी जॅझ यात्रा सुरू केली नसती तर अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स रंगभवनच्या उघड्या मंचावर आले नसते आणि आपले वादक त्यांच्यासारख्यांच्या बरोबरीने एकाच महोत्सवात उभे राहिले नसते. रंगभवन तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम बंद पडले, तेव्हा बैठक तिथे घेता येणार नाही. पण बैठकीपूर्वी धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीपासून तिथपर्यंत सगळ्यांनी मिळून चालत जावे आणि वाटेत साष्टीकरांनी कुडींविषयी सांगावे, असे सुचवतो. ते मुंबईत असतील तर.

साष्टीकर

एप्रिलअखेरीस मी मडगावात असेन. २ नोव्हेंबरला ठेवलेत तर येतो.