शब्दचर्चा : यानाला ‘गाठणे’ आणि यानाशी ‘जोडणी’

प्रश्न : इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी एकमेकांना जोडले गेले. अशा प्रसंगांविषयी लिहिताना ‘मीलन’, ‘भेट’ आणि ‘जोडणी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरावेत का?

उत्तर : वापरू नयेत. १५ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकी अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी जेमिनी ६ए हे यान जेमिनी ७ पासून जेमतेम फूटभर अंतरावर नेले, परंतु ती याने एकमेकांना जोडण्याची सोयच नव्हती. ती भेट होती, जोडणी नव्हे. जोडणी पहिल्यांदा झाली ती १६ मार्च १९६६ रोजी, आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांच्या जेमिनी ८ ची. ‘मीलन’ मात्र कवितेतच राहू द्यावे.

भेटीआधीच्या हालचालीला मी ‘गाठणे’ म्हणेन, ‘पाठलाग’ नव्हे. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ च्या मॅकडिव्हिट यांनी रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याच्या रोखाने जोर लावून पाहिला, पण तो काही हाती लागेना. कारण कक्षेत वेग वाढवला की यान वर चढते, त्याच्या फेरीला अधिक वेळ लागतो आणि ते मागे पडते. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालची, आखूड फेरीची कक्षा धरावी लागते.

पुरवणी : शेवटच्या काही मीटरांसाठी ‘संरेखन’ (एका रेषेत आणणे) हा कोशातला शब्द जड वाटतो. अपोलोच्या खिडकीतील दर्शकात उजळ रेघांची फुली दिसे, आणि चंद्रावर उतरणाऱ्या त्याच्या जोडयानावरची फुली मागच्या चकतीपासून पुढे, दांडीवर बसवलेली असे. यान तिरके असले की ही पुढची फुली चकतीवरच्या खुणांवरून सरकलेली दिसे. गवंडी ज्याला ‘ओळंब्यात आणणे’ म्हणतो, ते हेच नव्हे का?

उत्तर : कल्पना सुरेख आहे, परंतु कक्षेत ओळंबा लोंबणारच नाही. बंदुकीची माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणण्याला आपण ‘नेम धरणे’ म्हणतोच, आणि येथेही डोळा, खूण व लक्ष्य हीच तीन ठिकाणे आहेत. जून १९८५ मध्ये बंद पडलेले, रेडिओला प्रतिसाद न देणारे साल्युत ७ हे सोव्हिएत अंतराळ स्थानक अंतराळवीर जानिबेकोव्ह यांनी सोयुझ टी-१३ स्वतः हाकत गाठले, तेव्हा अंतर मोजायला हातात धरायचा लेसर अंतरमापक होता. तेथे वृत्तान्त लिहिताना ‘स्थानक गाठले, नेम धरला, जोडणी केली’ एवढे पुरते.