लहानग्यांचा पहिला रोलर कोस्टर: तुमचे अनुभव सांगा

दिवाळीनंतर आम्ही ऑरलँडोला जातोय. लेक चार वर्षांची. डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कातल्या बार्नस्टॉर्मर या छोट्या कोस्टरला उंचीची अट 35 इंच, म्हणजे 89 सेंटिमीटर. त्यात ती बसते. पुढे काय होतं ते मात्र ज्यांनी पोरं नेलीत त्यांनीच सांगावं. दुसऱ्या पार्कातलंही चालेल.

टॅम्पाकरीण
बार्नस्टॉर्मरचा वेग ताशी 40 किलोमीटर, उंची 9 मीटर, मिनिटभरात खेळ खल्लास. आकडे ऐकून नवरा म्हणाला, "एवढं तर आपली स्कूटर पळायची." पहिल्याच वळणावर त्याने माझं मनगट आवळलं! सगळा रूळ जेमतेम 207 मीटर, त्यामुळे वळणं एकाला एक लागून येतात, श्वास घ्यायला सवड नाही. लेक मात्र शेजारी खिदळत होती.

रुळावरचा
जागा बघून बसा, फार फरक पडतो. सोळा जणांची गाडी, एकामागे एक आठ डबे. चढावर साखळी नाही, रबरी टायर गाडी वर ढकलतात. पुढचा डबा माथ्यावर पोचतो तेव्हा मागचे अजून चढतच असतात, म्हणून तो तिथे जरा रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर येईस्तोवर पुढच्यांनी वेग घेतलेला असतो आणि ते त्याला खाली खेचतात. बुड सीटवरून उचलतं ते तिथेच. भित्र्या पोराला मधल्या डब्यात बसवा. पुढे बसलं की उतार आधी दिसतो, आणि काहींना तेच नको असतं.

गोराईवाली आजी
आमच्या मुलाचा पहिला कोस्टर म्हणजे एस्सेलवर्ल्डचा झिपर डिपर. लाँचने खाडी ओलांडायची, जेवणाचा डबा घरचाच. आता नातीबरोबर कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या गॅजेट कोस्टरमध्ये बसले. "आजी, डोळे का मिटलेस?" म्हटलं, चष्मा पडेल म्हणून.

दोन पोरांचा बाप
थोरल्याला बार्नस्टॉर्मर नकोच होता. रांगेतले एक काका "शूर मुलगा ना तू?" करत होते, मी सरळ त्याला बाहेर काढलं. मूल नको म्हणत असेल तर नको. बारकीची उंची भरली नाही. तिथे रायडर स्विच मागता येतं: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल. पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. बायकोने त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

धागाकर्ती
आजी, चष्म्याचं उत्तर ढापणार आहे! सकाळी जावं की दुपारी?

टॅम्पाकरीण
सकाळी, गेट उघडल्या उघडल्या. शेजारीच केसी ज्युनियर या सर्कशीच्या आगगाडीचे पाण्याचे फवारे आहेत, पोरं तिथून हलत नाहीत. आधी कोस्टर, मग फवारे. आणि कपड्यांचा जादा जोड पिशवीत असू दे.