अमानत, अनामत आणि ओलीस

प्रश्न : अलास्काच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणते आहे. रशियन फर व्यापारी अल्यूशन बेटांवरच्या अल्यूत लोकांकडून 'अमानत' घेत, असं त्यात वारंवार येतं. हा आपल्याकडचाच शब्द का? आणि सरळ 'ओलीस' लिहिलं तर चालेल?

उत्तर : ताई, शब्द तोच. मूळ अरबी, अर्थ विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. आपल्याकडे तो फारसीतून आला आणि अक्षरांची अदलाबदल होऊन 'अनामत' झाला. निवडणुकीत जप्त होते ती हीच. रशियनमध्ये तो तुर्की भाषांमधून गेला आणि तिथे ठेव म्हणजे जिवंत माणूस.

'ओलीस' चुकीचा नाही, पण अपुरा वाटतो. ओलीस म्हटलं की एखादा प्रसंग डोळ्यांसमोर येतो. मागणी पुरी झाली की सुटका. अमानत ही कायमची व्यवस्था होती. सायबेरियातल्या किल्ल्यांत अशा माणसांसाठी वेगळी घरं असत. रशियाच्या सेवेतला दर्यावर्दी बेरिंग, त्याच्या 1741 च्या मोहिमेतून वाचलेले खलाशी समुद्री ऊदमांजरांची कातडी घेऊन परतले आणि व्यापारी अल्यूशन बेटांकडे धावले. समुद्रात कातडी होडीतून या प्राण्याची शिकार करणं त्यांना जमत नव्हतं. ते कसब बेटवासीयांचं. म्हणून मुखियांची मुलं, पुतणे ताब्यात ठेवायचे आणि पुरुषांना शिकारीला पाठवायचं. इकडे हिवाळ्याची बेगमी करायला गावात हात उरत नसत. लेकरू गहाण पडलेल्या बापाची शिकार 'व्यापार' या शब्दात बसवायला माझं मन घेत नाही.

माझं मत : पहिल्या उल्लेखात 'अमानत (ओलीस ठेवलेली माणसं)' लिहा, पुढे नुसतं 'अमानत'. मराठी वाचकाला त्यात अनामत ऐकू येईल, आणि ती यायलाच हवी.

जाता जाता : 'अल्यूत' हे रशियनांनी रूढ केलेलं नाव. ते लोक स्वतःला उनांगन म्हणतात. एकदा तरी तेही द्या.

प्रश्न : आभार. 'यासाक'साठी कर की खंडणी?

उत्तर : खंडणी. यासाक म्हणजे रशियन सरकार अंकित लोकांकडून घेई ती वसुली, आणि ती कातड्यांच्या रूपात घेत. 1788 मध्ये रशियाची राणी कॅथरीन हिने या बेटांवरचा यासाक बंद केला, पण सक्ती टिकली. 1799 मध्ये तिथल्या फर व्यापाराची मक्तेदारी घेऊन रशियन-अमेरिकन कंपनी आली, आणि तिच्या 1821 च्या सनदेनुसार 18 ते 50 वयाच्या निम्म्या पुरुषांना कंपनीच्या कामावर घेता येई. मोबदला ठरलेला असे, नकार देता येत नसे. तिथे 'नोकरी' लिहू नका. 'वेठ' लिहा.